युद्धभूमीवरून आलेलं बी

पोरांनो, हा शंकू आधी हातात घ्या. एकेकानं घ्या, ओढाओढी नको. शेजाऱ्यांनी हिमाचलच्या सहलीवरून आणलाय, चीड नावाच्या झाडाचा. चीड ही पाईनचीच एक जात. आपल्या नाशिकच्या अंबडात हे झाड नाही. कोकणात समुद्रकाठी सुरूची झाडं पाहिलीत ना, ती दिसायला थोडी तशी, पण त्यांचं कूळ अगदी वेगळं.

काय दिसतंय? लाकडी खवले, एकावर एक रचलेले, गोल फिरत वर गेलेले. आणि उघडे आहेत. त्यातला एक खवला वाकवून त्याच्या तळाशी बघ पोरी. दोन उथळ खोबणी दिसतायत? तिथं दोन बिया शेजारी शेजारी बसल्या होत्या, प्रत्येकीला कागदाहून पातळ असा एक पंख. केव्हाच उडून गेल्या त्या. आता हा शंकू त्या बादलीत बुडवा आणि वर दगड ठेवा, नाहीतर तरंगेल. जीव नाही त्यात, निव्वळ वाळलेलं लाकूड आहे. तरी ते हलणार आहे. तासाभरानं बघू.

तोवर एका शंकूची गोष्ट ऐका. हा शंकू लढाईतून आला.

तुर्कस्तानात गॅलिपोली नावाची जमिनीची एक चिंचोळी पट्टी समुद्रात घुसलेली आहे. साल १९१५. पहिल्या महायुद्धाला वर्ष होत आलेलं. २५ एप्रिलला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तिथल्या एका अरुंद किनाऱ्यावर उतरले. वर उंचावर तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याचं सैन्य बसलेलं, खाली हे. आणि त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावर आणखी कोण उतरलं? आपले हिंदुस्थानी तोफखान्याचे जवान. २६वी जेकब्ज माउंटन बॅटरी आणि मागोमाग २१वी कोहाट. तोफेचे भाग सुटे करायचे, खेचरांच्या पाठीवर लादायचे, गोळीबारातून डोंगर चढायचा आणि वर पोचलं की तोफ पुन्हा जोडायची. खालून वर पाणी आणि शिधा पोचवायलाही हिंदुस्थानी खेचरंच होती, आणि ती हाकणारी माणसंही आपलीच.

हे नाशिकच्या पोरांना माहीत असायलाच हवं. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर आहे. तोफांचा सराव सुरू झाला की आवाज लांबवर जातो. दरवर्षी २८ सप्टेंबरला तोफखान्याचे लोक गनर्स डे पाळतात. १८२७ साली त्या तारखेला बॉम्बे माउंटन बॅटरी उभी राहिली, तिची ती आठवण. डोंगरी तोफखान्याची ही परंपरा इतकी जुनी, आणि तिचा एक पाय आपल्या मुंबई इलाख्यात.

तर गॅलिपोलीच्या त्या किनाऱ्याच्या वर एक पठार होतं आणि पठारावर पाईनची झाडं होती. तुर्कांनी ती तोडून ओंडके आणि फांद्या आपल्या खंदकांवर आडव्या टाकल्या. वरून गोळा पडला तरी आतला माणूस वाचावा म्हणून. एकच झाड तेवढं उभं राहिलं. त्यावरून ऑस्ट्रेलियन सैनिकांनी त्या जागेला नाव दिलं ‘लोन पाईन’, एकटा पाईन. पुढं लढाईच्या धुमश्चक्रीत तेही झाड उरलं नाही.

६ ऑगस्टला संध्याकाळी हल्ला झाला आणि १० तारखेपर्यंत लढाई चालली. बरीचशी त्या लाकडी छपराखाली, अंधारात, समोरासमोर हातघाईची. ऑस्ट्रेलियाचे दोन हजारांहून जास्त सैनिक मेले किंवा जखमी झाले. तुर्कांचे त्याहून कितीतरी अधिक. तुर्कांचीही आईबापांची पोरंच होती ती, हे विसरू नका.

आता लक्ष द्या. तोडलेल्या फांद्यांवर शंकू तसेच चिकटलेले होते. झाड तुटलं, फांदी वाळली, पण शंकूच्या आत बिया होत्या. बेंजामिन स्मिथ नावाचा एक लान्स कॉर्पोरल होता, तिसऱ्या बटालियनचा. त्याचा भाऊ ह्याच लढाईत पडला. बेंजामिननं तिथला एक शंकू उचलला आणि ऑस्ट्रेलियात आईला पाठवून दिला. दुसरा सार्जंट कीथ मॅकडॉवेल, चोविसाव्या बटालियनचा. त्यानंही एक शंकू पाठपिशवीत टाकला. तो युद्धातून जिवंत घरी आला आणि त्यानं तो शंकू नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंच्या हातात दिला. त्यांचं नाव एमा ग्रे.

बेंजामिनच्या आईनं काय केलं? शंकू जपून ठेवला. एक वर्ष नाही, दोन नाही, तेरा वर्षं. ती माउली तो शंकू हातात घेऊन काय विचार करत असेल, ते मला सांगता येणार नाही. एवढं ठाऊक आहे की १९२८ मध्ये तिनं त्यातल्या बिया मातीत पेरल्या. आणि दोन रोपं आली! एक तिच्या इन्व्हरेल गावाला दिलं. दुसरं कॅनबेरा या राजधानीत गेलं. तिथल्या युद्धस्मारकाच्या आवारात ऑक्टोबर १९३४ मध्ये ड्यूक ऑफ ग्लॉस्टर यांच्या हस्ते ते लावलं गेलं. आज त्याची उंची वीस मीटरच्या वर आहे, म्हणजे सहा मजली इमारतीएवढी.

एमाबाईंनीही बारा-एक वर्षांनी पेरणी केली. त्यांची चार रोपं जगली. ती १९३३-३४ मध्ये चार ठिकाणी लावली गेली. एक मेलबर्नच्या वॉटल पार्क नावाच्या सार्वजनिक बागेत, एक मेलबर्नच्याच मोठ्या युद्धस्मारकापाशी, एक खेडेगावातल्या सैनिक-सभागृहाशेजारी आणि एक वॉरनांबूल गावच्या वनस्पतिबागेत. म्हणजे जिथं पोरं खेळतात, म्हातारी माणसं बाकावर बसतात, तिथं ही झाडं वाढली.

बी तेरा वर्षं जिवंत राहिलं कसं? बरोबर विचारलंस बाळा. ह्या गोष्टीचा गाभा तोच.

तुम्ही आंब्याची कोय तेरा वर्षं ठेवून बघा. तेरा वर्षं कशाला, उन्हात चांगली वाळवून पुढच्या वर्षी पेरा. नाही उगवणार. आंबा, जांभूळ, फणस यांच्या बिया ओल्या असतानाच जगतात, वाळल्या की आतला अंकुर मरतो. त्यांना वाळून थांबायची गरजच पडली नाही. जांभूळ पिकतं तेच पाऊस तोंडावर आला की, मग लगेच रुजायचं. युरोपातल्या ओकचंही असंच. फ्रान्समध्ये व्हर्डनला १९१६ साली भयंकर लढाई झाली. तिथली ओकची फळं आठवण म्हणून इंग्लंडला नेली आणि बागांमधून लावली. पण ती लगोलग पेरावी लागली. तेरा वर्षं कुणी ठेवली असती तर हाती नुसती टरफलं राहिली असती.

दुसऱ्या तऱ्हेच्या बिया वाळल्या तरी मरत नाहीत, उलट वाळल्या की जास्त टिकतात. आपली ज्वारी, बाजरी, बाभूळ, चिंच आणि हा पाईन. अशा बीमध्ये पाणी इतकं कमी होतं की पेशींच्या आतला रस घट्ट होत होत काचेच्या अवस्थेला येतो. त्यात काही हलत नाही, काही बिघडत नाही. श्वासही जवळजवळ थांबतो. अन्नाची शिदोरी शेजारी बांधलेली असते, अंकुर तसाच पडून राहतो. बी साठवणाऱ्या शास्त्रज्ञांचा एक ठोकताळा आहे. बीमधला ओलावा एक टक्क्यानं कमी करा, तिचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. ठेवायची जागा पाच अंशांनी गार करा, पुन्हा दुप्पट. आता गणित करा. बारा टक्के ओलावा असताना जे बी एक वर्ष टिकतं, ते आठ टक्क्यांवर आणलं तर? दुप्पट, चौपट, आठपट, सोळापट. सोळा वर्षं!

आमच्या लहानपणी बाया बियाण्याची ज्वारी उन्हात घालायच्या आणि दाताखाली दाणा कडक वाजला की मगच कणगीत भरायच्या. त्यांनी टक्के मोजले नव्हते, पण हा नियम त्यांच्या दातांना माहीत होता.

तरी सगळ्या कोरड्या बियाही सारख्या नसतात हं. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही कांदेवाल्या शेतकऱ्याला विचारा, दोन वर्षांचं उळं टाकशील का? तो नाही म्हणेल. कांद्याचं बी फार लवकर दम सोडतं. उलट टोकाचं उदाहरण सांगतो. इस्रायलमध्ये मसादा नावाचा डोंगरी किल्ला आहे. रोमन सैन्यानं त्याला वेढा घातला होता, साधारण साडेएकोणीसशे वर्षांपूर्वी. १९६०च्या दशकात तिथं उत्खनन झालं आणि खजुराच्या काही बिया सापडल्या. चाळीसएक वर्षं त्या बिया विद्यापीठात पडून होत्या. २००५च्या जानेवारीत इलेन सोलोवे नावाच्या बाईंनी त्यातल्या काही पेरून पाहिल्या. एक उगवली! तपासणीत तिचं वय निघालं सुमारे दोन हजार वर्षं. पण ते झाड निघालं नर, त्याला खजूर लागणार कसा? मग तशाच जुन्या, दुसऱ्या ठिकाणी सापडलेल्या बियांतून एक मादी झाड मिळालं. त्या दोघांचं परागीभवन केलं आणि २०२० साली लोकांनी त्याचे खजूर खाल्ले. वेढा पडलेल्या किल्ल्यातलं बी, आणि त्याचं फळ आपल्या काळातल्या माणसांच्या तोंडात.

पाईनच्या बीची आणखी एक गंमत आहे. ती मला फार हलवून जाते, म्हणून सांगतो. पाईनला फुलं नसतात. नर शंकूतून पिवळी धूळ उडते, ती वाऱ्यावरून मादी शंकूवर येऊन बसते. त्यानंतर शंकू पिकायला दोन वर्षांच्या आसपास लागतात. तेव्हा हिशेब करा. ऑगस्ट १९१५ मध्ये जर शंकूत पिकलेल्या बिया होत्या, तर ती पिवळी धूळ त्यावर कधी बसली असेल? फार उशिरा म्हटलं तरी १९१३च्या वसंतात. म्हणजे महायुद्ध सुरूही झालं नव्हतं! बेंजामिन आणि त्याचा भाऊ तेव्हा लढाईपासून लांब होते, आणि त्यांच्या आईच्या हातून पुढं जे रुजायचं होतं ते समुद्रापार एका फांदीवर धरत होतं.

बरं, शंकू काढा आता बाहेर. झाला की नाही बंद? अगदी कुलूप लावल्यागत मिटलाय. मघाशी ज्या फटीत तुझं बोट जात होतं तिथं आता नखही जाणार नाही.

कुणी मिटला? कुणी नाही. प्रत्येक खवल्यात दोन थर असतात. बाहेरच्या थरातल्या पेशी पाण्यानं लांबीला फुगतात आणि वाळल्या की आखडतात. आतला थर फारसा बदलत नाही. पापड उन्हात घातला की एक बाजू आधी सुकून कडा कशी वर वळते, तसंच हे. ओलं झालं की खवला आत झुकतो, सुकलं की बाहेर वळतो. पावसात बी उडालं तर झाडाच्या बुडाशीच चिखलात पडेल. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी उडालं तर पंखावर गरगर फिरत लांब जाईल. झाडानं हे एकदा लाकडात बांधून ठेवलं की मग झाड मेलं तरी यंत्र चालू. उद्या उन्हात ठेवा, पुन्हा उघडेल. किती वेळा करायचं ते करा.

भूमध्य समुद्राकाठच्या काही पाईनचे शंकू तर उन्हालाही दाद देत नाहीत. त्यांचे खवले राळेनं चिकटवलेले असतात. वर्षानुवर्षं ते फांदीवर बंद राहतात. वणवा आला की राळ वितळते, खवले सुटतात आणि आग विझल्यावर बिया गार राखेत पडतात. भोवतालचं गवत जळालेलं, वर सावली नाही, खाली राखेचं खत. जिथं सगळं संपलं असं वाटतं तिथंच रोपं वर येतात. बॉम्बगोळ्यांनी जाळलेल्या पठारावर अशा झाडाचे शंकू सापडावेत यात मला नवल वाटत नाही.

काय म्हणालीस? ऑस्ट्रेलियातलं झाड ते गॅलिपोलीचंच झाड का? छान प्रश्न. नाही, ते झाड नव्हे, त्याचं लेकरू. बी म्हणजे आई आणि बाप दोघांचं. आई ती तोडलेली फांदी, आणि बाप वाऱ्यावरून आलेली धूळ. बाप कोणतं झाड होतं हे कधीच कळणार नाही.

आणि एक कोडं ऐका. दोन शंकूंमधून जी झाडं वाढली, ती दोन वेगळ्या जातींची निघाली! मॅकडॉवेलच्या शंकूतली तुर्की पाईन, गॅलिपोलीच्या रानात असते तीच. पण बेंजामिनच्या शंकूतून आलेलं कॅनबेराचं झाड निघालं अलेप्पो पाईन, आणि ती तर तिथली मूळची जातच नाही. मग तुर्कांनी खंदकावर टाकायला काही लाकूड लांबून आणलं असावं, असा तर्क आहे. पाहा, एका आईच्या हातचं रोप इतक्या वर्षांनंतर लढाईतल्या लाकडाची चौकशी करायला लावतं. आज गॅलिपोलीत लोन पाईनच्या जागी दफनभूमी आहे, तिथं जो एकटा पाईन उभा आहे तो तर तिसऱ्याच जातीचा. युद्धानंतर लावलेला.

झाडं अमर नसतात. मेलबर्नच्या स्मारकापाशी लावलेल्या झाडाला बुरशीचा रोग लागला आणि २०१२ मध्ये ते काढावं लागलं. पण त्याच्या वंशाची रोपं आधीच तयार होती. या झाडांच्या बियांपासून ऑस्ट्रेलियाभर शाळांत, बागांत रोपं गेली आहेत. १९९० साली, लढाईला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा, गॅलिपोलीत लढलेले काही म्हातारे सैनिक तिथं परत गेले. त्यांनी कॅनबेराच्या झाडापासून वाढवलेली दोन रोपं बरोबर नेली होती. नव्वदीच्या पुढची माणसं, आणि हातात रोपं.

झाड युद्धाची आठवण नुसती मिरवत नाही, अंगात लिहूनही ठेवतं. नॉर्वेच्या उत्तर टोकाला कोफ्योर्ड नावाची समुद्राची खाडी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिथं टिर्पिट्झ नावाची प्रचंड युद्धनौका लपवली होती. विमानांना दिसू नये म्हणून ते तिच्याभोवती रसायनाचा धूर सोडत. तो धूर किनाऱ्यावरच्या पाईनवर गेला. सत्तरएक वर्षांनी क्लाउडिया हार्टल नावाच्या जर्मन संशोधक तिथं झाडांची वर्तुळं तपासत होत्या. दरवर्षी खोडात एक वलय वाढतं, तुम्हाला ठाऊक आहे. तर त्या झाडांत १९४५चं वलयच गायब! धुरानं सुया मेल्या, अन्न तयार होईना, झाडानं वाढायचं थांबवलं. एका झाडानं तर नऊ वर्षं वलय धरलं नव्हतं. जहाज १९४४ मध्येच बुडालं, पण झाडाची नोंद पुसली गेली नाही. आपल्याकडं बाराही महिने ऊब असल्यामुळं पुष्कळ झाडांत वलयं स्पष्ट दिसत नाहीत. सागात मात्र दिसतात. पेठ-सुरगाण्याकडचा सागाचा ओंडका कधी वखारीत दिसला तर वाकून मोजा.

आता आपल्या माणसांचं सांगतो. गॅलिपोलीच्याच वर्षी, डिसेंबर १९१५ मध्ये, आजच्या इराकात कुत नावाच्या गावाला तुर्कांनी वेढा घातला. आत अडकलेली होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या, १०३वी, ११०वी, ११७वी. आपल्या डोंगराकाठच्या, कोकण-देशावरच्या गावांतली पोरं. खायला संपलं, तेव्हा घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि जे जगले त्यांना कैद करून वाळवंटातून चालवत नेलं. पुष्कळ जण वाटेतच संपले.

त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. चाळीस हजारांवर सैनिकांची आठवण त्या दगडावर आहे. पण पोरांनो, भिंतीवर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलंय आणि हिंदुस्थानी साध्या शिपायाचं नाही. कोरला तो पलटणीचा आकडा, इतके गेले म्हणून. ज्या कॉमनवेल्थ आयोगाकडे ह्या स्मारकांचं काम आहे, त्यानंही २०२१ मध्ये हा भेदभाव झाला हे कबूल केलं. मला ह्याचा राग येतो, आणि तुम्हालाही यावा असं मला वाटतं. कुठल्या तरी गावात त्या प्रत्येक आकड्याची एक आई होती. तिच्याकडं ना शंकू आला, ना नाव.

आणि आई पोराची आठवण कशी ठेवते, हे आपल्या अंबडातून दिसतं. महामार्गापलीकडं तो टोकदार डोंगर दिसतोय ना, पांडवलेणीचा? जुन्या लेखांत त्याचं नाव त्रिरश्मी. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला एक लांबलचक लेख आहे. तो कोरून घेतला गौतमी बलश्री या आईनं. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, सातवाहनांचा मोठा लढवय्या राजा. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिनं हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि भिंतीवर मुलाचा पराक्रम लिहवला. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं ती सांगते. बहुतेक इतिहासकार मानतात की तेव्हा तो मुलगा हयात नव्हता. म्हणजे सैनिकाची आठवण आईनं जपल्याचा आपल्या शेजारचा हा दाखला अठराशे वर्षांहून जुना.

त्याच डोंगरात दहाव्या लेण्यात दुसरा लेख आहे. गौतमीपुत्रानं ज्याचं राज्य बुडवलं त्या नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा. त्यात दान काय दिलं ते लिहिलंय, आणि त्यात आहेत नारळाची ३२,००० झाडं! आता त्यातलं एकही नारळाचं झाड कुणाला दाखवता येणार नाही. दगड राहिला. पण दगडाला पाणी घालावं लागत नाही, म्हणून दगडाकडं माणसं फारशी फिरकतही नाहीत. झाडाचं तसं नसतं. ते वर्षभर माणूस मागतं.

दिल्लीला २०१९ साली राष्ट्रीय युद्धस्मारक झालं तेव्हा ते वर्तुळांत बांधलं. आतल्या वर्तुळांत ज्योत आहे, नावं आहेत, त्यात शिपायाचं नाव शिपायाचं म्हणूनच कोरलंय. आणि सगळ्यांत बाहेरचं वर्तुळ आहे रक्षक चक्र. ते भिंतीचं नाही, झाडांचं आहे. सहाशेहून जास्त झाडं सीमेवर पहारा देणाऱ्या जवानांसारखी रांगेत उभी केली आहेत. मला ही कल्पना फार आवडली.

कुतच्या त्या बिननावाच्या शिपायांसाठी आपण आपल्या बागेत एक झाड लावायचं का, असं तू विचारतोस. लावू या की! पण पाईन नको. आपल्या हवेत तो रडत जगेल. वड लावू. वडाजवळ असं काही आहे जे पाईनजवळ नाही. पाईनचं लेकरू होतं, पण वडाची फांदी लावली तर तो तोच वड असतो. बापाची भेसळ नाही, तेच झाड दुसऱ्या जागी पुढं चालू. शिवाय पारंब्या खाली उतरून खोड होतात. हावड्याच्या वनस्पतिबागेत अडीचशे वर्षांहून जुना महावड आहे. १९२५ साली त्याचं मूळ खोड बुरशीनं कुजलं म्हणून कापून काढावं लागलं. आणि झाड? आज ते हजारो पारंब्यांवर उभं आहे, मधोमध पोकळ जागा ठेवून, आणि अजून पसरतंय. मेलबर्नच्या पाईनला बुरशी लागली तेव्हा तो गेला. ह्याचं खोड गेलं, तरी हा गेला नाही.

आता नीट ऐका, लावायचं कसं. वटपौर्णिमेला बाजारात ज्या कोवळ्या डहाळ्या विकायला येतात त्या आपल्या कामाच्या नाहीत, आणि त्या तोडूही नयेत. निरोगी, जुन्या वडाची मनगटाएवढी जाड फांदी हवी, पुरुषभर उंचीची. झाड ज्याच्या हद्दीत आहे त्याला आधी विचारायचं आणि बागेसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यायची. पानं सगळी काढून टाकायची, नाहीतर मुळं फुटायच्या आत पानं पाणी उडवून फांदी सुकवतील. वरच्या कापलेल्या टोकाला शेणमातीचा गोळा बसवायचा. खालचं टोक खालीच राहिलं पाहिजे, उलटं लावलं तर मुळं धरत नाहीत. तिसरा हिस्सा जमिनीत, माती पायानं दाबून. पहिला चांगला पाऊस झाला की लगेच.

विजेच्या तारांखाली नको, पाण्याच्या पाइपावर नको, आणि कुणाच्या भिंतीपासून निदान पन्नास पावलं लांब, कारण तो पसरणार. पावसाळ्यात तो आपला आपण जगेल. खरी पाळी कार्तिकापासून पुढं, आणि सगळ्यांत अवघड चैत्र-वैशाख. पहिली तीन वर्षं दर आठवड्याला दोन बादल्या. वहीचं पान फाडून आण बाळा, नावं लिहून घेऊ. पहिल्या वर्षीच्या चैत्रात कुणाची पाळी?